आईला नैराश्यावरची गोळी सुरू झाली आहे: ती सुरक्षितपणे कशी द्यावी?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण पुढचे सारे उत्तर या तपशिलांवर अवलंबून आहे. तुमच्या आई 67 वर्षांच्या असून साताऱ्याजवळच्या गावी राहतात आणि तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यात असता. वडील गेल्यानंतरच्या काही महिन्यांत त्यांची झोप मोडली, जेवण तुटले, भजनाला जाणे बंद झाले आणि "मी कशाला मागे राहिले" असे त्या वारंवार म्हणू लागल्या. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून एसिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम, त्यानंतर 10 मिलिग्रॅम, आणि रात्री क्लोनाझेपाम 0.25 मिलिग्रॅम असे लिहून दिले आहे. याखेरीज रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्रित गोळी, हृदयाच्या रक्तवाहिनीत पूर्वी स्टेंट बसवल्यामुळे ॲस्पिरिन, ॲसिडिटीसाठी सकाळी एक कॅप्सूल आणि गुडघे दुखले की औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी असे त्यांचे चालू आहे. नैराश्याच्या गोळीची सवय लागेल का, ती किती दिवस घ्यावी, बरे वाटल्यावर थांबवावी का आणि मावशींनी सुचवलेली अश्वगंधा चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी तुम्ही सहज लिहिले आहे की, ही गोळी सुरू असल्याचे हृदयरोगतज्ज्ञांना किंवा घरात कोणाला सांगितलेले नाही, कारण उगाच चर्चा नको.

माझे उत्तर त्या शेवटच्या वाक्यापासून सुरू होते. एसिटालोप्राम हे औषध स्वतःहून फारसे धोकादायक नाही. जगभर ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही त्याचा समावेश आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात या गटातील औषधांमुळे ज्या गंभीर अडचणी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी औषधापेक्षा लपवणे अधिक होते. हाडांच्या डॉक्टरांना माहीत नसते म्हणून ते वेदनेसाठी न चालणारी गोळी लिहितात. हृदयाच्या डॉक्टरांना माहीत नसते म्हणून ईसीजीकडे त्या नजरेने पाहिले जात नाही. सुनेला माहीत नसते म्हणून लग्नघरी गेल्यावर चार दिवस गोळ्या राहून जातात. नातेवाइकांच्या चर्चेचा त्रास खरा आहे आणि सगळ्या गावाला सांगा असे मी म्हणणार नाही. मात्र आईंना औषध देणारा प्रत्येक डॉक्टर, त्यांचा औषधविक्रेता आणि त्यांच्यासोबत राहणारी किमान एक व्यक्ती यांना ही गोळी माहीत असलीच पाहिजे. आईंच्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहा आणि तो कागद त्यांच्या पिशवीत कायम राहील असे पाहा. लिहिताना ब्रँडच्या नावावर थांबू नका. आपल्याकडे एकच औषध अनेक नावांनी विकले जाते, त्यामुळे पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नावच लिहा. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच औषध दिल्याची आणि रुग्ण दोन्ही घेत असल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आता मात्रेविषयी. आईंच्या वयाला 5 मिलिग्रॅमने सुरुवात करणे योग्यच आहे. तरुण प्रौढांमध्ये हे औषध 20 मिलिग्रॅमपर्यंत देता येते, परंतु 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी सर्वसाधारणपणे 10 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते, कारण वाढत्या वयात औषध शरीराबाहेर पडण्याचा वेग मंदावतो आणि मात्रा वाढवली तर हृदयाच्या विद्युत्-लयीवर होणारा परिणामही वाढतो. ईसीजीमध्ये क्यूटी नावाचे जे अंतर मोजतात, ते या औषधाने काहीसे लांबू शकते. निरोगी हृदय असलेल्या तरुणाला याची चिंता करण्याचे कारण सहसा नसते, परंतु स्टेंट बसवलेल्या 67 वर्षांच्या व्यक्तीचा एक ईसीजी सुरुवातीला आणि एक मात्रा स्थिर झाल्यावर काढून घेणे शहाणपणाचे आहे. पुढे कधी पुरेसा उतार पडला नाही, तर घरच्यांनी आपणहून दीड किंवा दोन गोळ्या देऊ नयेत.

गोळी दिवसातून एकदा, शक्यतो रोज एकाच वेळी द्यावी. जेवणाआधी किंवा जेवणानंतर, कशीही चालते. सुरुवातीला मळमळत असेल तर नाश्त्यानंतर दिलेली बरी. एकादशीचा किंवा चतुर्थीचा उपवास असला तरी पाण्याबरोबर ती घ्यावी. हे मी मुद्दाम लिहितो, कारण श्रावणात आणि नवरात्रात गोळ्या बंद ठेवून नंतर चक्कर येते म्हणून आलेल्या वयस्कर स्त्रिया मी दरवर्षी पाहतो. एखाद्या दिवशी सकाळची गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर लगेच द्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच गोळी द्यावी, भरपाई म्हणून दोन देऊ नयेत.

पहिले दोन आठवडे कुटुंबाच्या धीराची परीक्षा पाहतात. या काळात मळमळ, पातळ शौच, डोके दुखणे, घाम, तोंडाला कोरड, किंचित अस्वस्थता, कधी झोप अधिक तर कधी कमी, अशा तक्रारी येतात आणि बहुतेक वेळा आठ ते पंधरा दिवसांत आपोआप ओसरतात. अडचण अशी की त्रास आधी येतो आणि गुण नंतर दिसतो. मन हलके होण्याची पहिली चिन्हे दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम समजायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशी "हिला तर जास्तच होतंय" म्हणून घरचे लोक गोळी बंद करतात आणि औषध लागू पडले नाही असा शिक्का बसतो. या काळात आईंना "बरं वाटतंय का" असे रोज विचारू नका. नैराश्यातील माणसाला स्वतःची सुधारणा सर्वांत शेवटी जाणवते. त्याऐवजी झोप किती वाजता लागली, भाकरी किती खाल्ली, अंघोळ स्वतःहून केली का, शेजारच्या बाईंशी बोलल्या का, एवढे तुम्ही फोनवरून टिपून ठेवा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याचाच उपयोग होईल.

तुमच्या आईंच्या बाबतीत मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती रक्तातील सोडियमची, आणि नेमकी हीच गोष्ट कुटुंबांना क्वचित सांगितली जाते. एसिटालोप्रामच्या गटातील औषधांमुळे काही रुग्णांच्या शरीरात पाणी साठून राहते आणि सोडियम पातळ होत जाते. वय जास्त, स्त्री, शरीर किरकोळ आणि सोबत हायड्रोक्लोरोथायाझाइडसारखे लघवीवाटे सोडियम घालवणारे औषध, असे सारे एकत्र आले की हा धोका बराच वाढतो. तुमच्या आईंकडे यांतील किमान तीन गोष्टी आहेत. त्यातच रक्तदाबामुळे त्या मीठ अगदी तोडून जेवत असतील आणि उन्हाळ्यात कोणी सांगितले म्हणून तांब्यावर तांब्या पाणी पीत असतील, तर भर पडते. सोडियमची सामान्य पातळी 135 ते 145 असते. ती खाली जाऊ लागली की गळून गेल्यासारखे वाटणे, मळमळ, डोकेदुखी, तोल जाणे आणि बोलण्यात विसंगती येणे अशी चिन्हे दिसतात. ही चिन्हे नैराश्यासारखीच किंवा वयासारखीच वाटत असल्यामुळे घरचे म्हणतात, आई आणखी खचली. पातळी फार घसरली तर झटके येऊ शकतात आणि शुद्ध हरपू शकते. हे बहुधा पहिल्या महिन्यात घडते. म्हणून औषध सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या सुमारास आणि पुन्हा महिन्याने सोडियमची तपासणी करून घ्या. ही तपासणी तालुक्याच्या गावीसुद्धा होते आणि खर्चिक नाही. आई अचानक गोंधळल्यासारख्या वागू लागल्या, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासा. आधीच्या अहवालात सोडियम कमी असेल, तर रक्तदाबाची गोळी बदलून थायाझाइड नसलेली देता येईल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे लागेल. त्यांना नैराश्याच्या गोळीविषयी सांगायला हवे, याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण रक्तस्रावाचे. रक्त गोठवणाऱ्या पेशी आपले काम करताना सेरोटोनिनचा वापर करतात आणि हे औषध त्या पेशींमध्ये सेरोटोनिन साठू देत नाही. एकट्या औषधाने होणारा परिणाम लहान आहे, परंतु आईंना ॲस्पिरिन चालू आहे आणि गुडघ्यासाठी त्या बहुधा डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक घेत असतील. ही तिन्ही औषधे एकत्र आली की जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता लक्षणीय वाढते. यातून काय काढायचे याबद्दल मला अत्यंत स्पष्ट बोलू द्या. ॲस्पिरिन काढायचे नाही, स्टेंट असताना ते स्वतःच्या मनाने थांबवणे जिवावर बेतू शकते. काढायची ती दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. गुडघेदुखीसाठी ठरावीक मात्रेत पॅरासिटामॉल, वरून लावायचे मलम, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हे मार्ग त्यांच्यासाठी सुरक्षित आहेत. शौचाला डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसले किंवा अंगावर कारणाविना काळेनिळे डाग उठले, तर थेट रुग्णालयात न्या.

ॲसिडिटीच्या कॅप्सूलचीही पट्टी पालटून वाचा. आपल्याकडे पँटोप्राझोलबरोबर डॉमपेरिडोन घातलेल्या कॅप्सूल इतक्या सर्रास घेतल्या जातात की लोक त्यांना औषध समजतच नाहीत. डॉमपेरिडोनही ईसीजीमधील तेच क्यूटी अंतर लांबवते आणि अशा कॅप्सूलमध्ये ते सहसा 30 मिलिग्रॅम असते. युरोपातील औषध नियामक संस्थेने 2014 मध्येच बजावले होते की डॉमपेरिडोन कमीत कमी मात्रेत द्यावे, सामान्यतः आठवड्याहून अधिक काळ देऊ नये आणि क्यूटी लांबवणाऱ्या इतर औषधांसोबत तर देऊच नये. आपल्याकडे मात्र ते वर्षानुवर्षे सकाळच्या चहाआधी घेतले जाते. ॲस्पिरिन आणि एसिटालोप्राम दोन्ही चालू असताना जठराला संरक्षण देणारी गोळी आवश्यकच आहे, पण ती साधी पँटोप्राझोल असावी. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळलेले बरे, कारण यकृतातील ज्या विकराने एसिटालोप्रामचे विघटन होते त्यालाच ती अडवतात आणि रक्तातील एसिटालोप्रामची पातळी वाढते. म्हणजे हातात 10 मिलिग्रॅमची गोळी असूनही शरीराला त्याहून मोठी मात्रा मिळू लागते.

तिसरे नाव लक्षात ठेवा: ट्रामाडॉल. गुडघा, कंबर, खांदा यांच्या दुखण्यावर पॅरासिटामॉलसोबत ते वारंवार लिहिले जाते. ट्रामाडॉल आणि एसिटालोप्राम दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. एकत्र घेतल्यास काही रुग्णांना काही तासांतच हातपाय थरथरणे, स्नायू आपोआप आखडून उडणे, भरपूर घाम, जुलाब, छातीत धडधड, बेचैनी आणि ताप अशी अवस्था येते. सौम्य असेल तर औषधे थांबवल्यावर ती एक-दोन दिवसांत शमते, तीव्र असेल तर अतिदक्षता विभागात दाखल करावे लागते. खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि अर्धशिशीवरची ट्रिप्टान गटातील औषधे यांबाबतही डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. आपल्या राज्यात आणखी एका औषधाचा उल्लेख केलाच पाहिजे, ते म्हणजे लिनेझोलिड. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारात ते महिनोन् महिने दिले जाते आणि ते सेरोटोनिनचे विघटनही अडवते. क्षयाच्या दीर्घ उपचारात नैराश्य येणे मुळीच दुर्मीळ नसल्यामुळे एकाच रुग्णाकडे ही दोन्ही औषधे पोहोचतात, बहुधा दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतून. तुमच्या आईंचा याच्याशी संबंध नाही, परंतु हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असा रुग्ण असेल तर दोन्ही डॉक्टरांची गाठ घालून द्यावी.

आता सवयीविषयी. तुमची शंका रास्त आहे, पण ती ज्या गोळीबद्दल आहे त्या गोळीला लागू पडत नाही. एसिटालोप्रामने नशा येत नाही, मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागत नाही आणि गोळी मिळावी म्हणून माणूस धडपडत नाही. त्या अर्थाने त्याचे व्यसन लागत नाही. शरीर मात्र त्याला सरावते, म्हणून ते एकदम तोडता येत नाही. सवयीचा खरा प्रश्न रात्रीच्या क्लोनाझेपामचा आहे. ते पहिल्या रात्रीपासून झोप आणते, त्यामुळे घरातील सर्वांना तीच खरी गुणकारी गोळी वाटते. एसिटालोप्रामचा परिणाम सुरू होईपर्यंतची मधली अस्वस्थता निभावून नेणे, एवढेच तिचे काम आहे आणि ते दोन ते चार आठवड्यांत संपायला हवे. त्यापुढे ती चालू राहिली की शरीर तिच्यावर अवलंबून राहू लागते. शिवाय शरीरातील तिचे प्रमाण निम्म्यावर यायला 30 ते 40 तास लागतात, म्हणजे रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशीही अंगात असते. या वयात त्याचा अर्थ पहाटे लघवीला उठताना तोल जाणे आणि खुब्याचे हाड मोडणे असा होऊ शकतो. ती कधी आणि कशी कमी करायची, हे पुढच्या भेटीत तुम्ही स्वतः विचारा. तोपर्यंत आईंच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचा दिवा चालू असू द्या. एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेल्या पट्ट्याही बाजारात आहेत. कोणी ती सोय म्हणून देऊ केली तर शक्यतो नकार द्या, कारण महिनाभर घ्यायचे औषध आणि वर्षभर घ्यायचे औषध एकत्र बांधले की पहिले सुटत नाही.

अश्वगंधेला माझा सरसकट विरोध नाही, परंतु या घडीला ती देऊ नका. तिने गुंगी वाढू शकते, थायरॉइडच्या पातळीत बदल होऊ शकतो आणि काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत दोन्ही गोष्टी एकदम सुरू केल्या आणि काही बिघडले, तर कशामुळे बिघडले हे कोणालाच कळणार नाही. ज्या विदेशी वनस्पतीला सेंट जॉन्स वर्ट म्हणतात आणि जी आता ऑनलाइन सहज मिळते, ती मात्र या औषधासोबत कधीच घेऊ नये.

औषधाची खरोखर गरज आहे का, अशी शंका तुमच्या पत्रात कुठेतरी आहे. "मेंदूत सेरोटोनिन कमी झाले आहे, ते या गोळीने भरून निघेल" असे जे सांगितले जाते, ते फार सोपे करून सांगणे आहे. नैराश्याचे कारण एवढे सरळ असल्याचे सिद्ध झालेले नाही. औषधाचा उपयोग होतो हे मात्र वेगळ्या पुराव्यावर उभे आहे. 2018 मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्ण यांची माहिती एकत्र तपासली गेली आणि त्यातील सर्व 21 औषधे तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक परिणामकारक आढळली. सरासरी फरक मध्यम होता, डोळे दिपवणारा नव्हता. पहिल्याच औषधाने प्रत्येक जण पूर्ण बरा होत नाही आणि औषध बदलावे लागणे म्हणजे हरणे नव्हे. पतीच्या निधनाचे दुःख हा आजार नाही, पण जेवण तुटणे, वजन उतरणे आणि स्वतः जगण्यालाच अर्थ न उरणे हे महिनोन् महिने टिकले की उपचार करावे लागतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 यांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, विशेषतः त्या पूर्ण शाकाहारी असतील तर. समुपदेशन जवळपास उपलब्ध असेल तर तेही जोडा. सकाळी कोणीतरी त्यांना सोबत घेऊन देवळापर्यंत चालवून आणणे हाही उपचाराचा भाग आहे, शोभेची गोष्ट नव्हे.

आईंच्या तोंडचे जे वाक्य तुम्ही लिहिले आहे, त्याकडे परत येतो. "मी कशाला मागे राहिले" असे म्हणणाऱ्या व्यक्तीला मरणाचे विचार येतात का, जीव देण्याचे मनात येते का, हे सरळ शब्दांत आणि शांतपणे विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही. उलट बोलायला जागा मिळते. त्यांनी होकार दिला, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना कळवा आणि त्यांना एकट्या ठेवू नका. औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगात थोडी शक्ती येते पण निराशा ओसरलेली नसते, आणि काहींना आतून कमालीची बेचैनी होते. हा काळ लक्ष ठेवण्याचा आहे. गोळ्यांचा साठा एकाच वेळी महिन्या-दोन महिन्यांचा घरात ठेवू नका. पट्ट्या सुनेच्या किंवा शेजारच्या विश्वासू व्यक्तीच्या ताब्यात असाव्यात आणि शेतीची कीटकनाशके घरात असतील तर ती कुलपात किंवा घराबाहेर हलवावीत. ग्रामीण भागात हे शेवटचे वाक्य मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. जिवाला धोका असेल तर 108 किंवा 112 वर फोन करून रुग्णालय गाठावे.

तुमच्या आईंना लागू नसल्या तरी इतरांसाठी काही गोष्टी थोडक्यात नोंदवतो. पंचवीस वर्षांखालील रुग्णांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुलांसाठी आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वेष्टनावर तसा इशारा सक्तीचा केला. याचा अर्थ तरुणांना औषध देऊ नये असा नसून पहिल्या महिन्यात त्यांना वारंवार भेटावे असा आहे. आयुष्यात कधीही काही दिवस झोपेविना अफाट उत्साह, उधळपट्टी आणि अखंड बडबड असा काळ येऊन गेला असेल, तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा, कारण अशा व्यक्तीला एकट्या नैराश्यविरोधी औषधाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. गर्भ राहिल्याचे कळताच घाबरून गोळी फेकून देऊ नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. लैंगिक इच्छा मंदावणे किंवा वीर्यस्खलनास उशीर होणे हा या औषधांचा नेहमीचा आणि टिकून राहणारा दुष्परिणाम आहे, आणि लाजेने तो कोणी सांगत नाही. मग पुरुष दुकानातून "ताकदीची" गोळी आणतात. अशा गोळ्यांत अनेकदा डॅपॉक्सेटिन असते, तेही याच गटातील औषध आहे आणि एसिटालोप्रामसोबत ते घेणे निषिद्ध आहे. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून या तक्रारीवर उपाय निघतो, पण त्यासाठी ती बोलून दाखवावी लागते.

राहिला प्रश्न किती काळ घ्यावे आणि कसे थांबवावे याचा. आईंना पूर्ण बरे वाटू लागल्यानंतर, म्हणजे आज नव्हे तर त्या दिवसापासून, किमान सहा ते नऊ महिने तीच मात्रा चालू ठेवावी. त्यांचे वय पाहता मी एक वर्षाकडे झुकेन. नैराश्य पूर्वीही येऊन गेले असेल तर हा काळ दोन वर्षे किंवा त्याहून अधिक होतो. बरे वाटताच बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. याच्या अगदी उलट टोकाची चूकही आपल्याकडे होते. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्या जातात आणि त्या का चालू आहेत हे कोणी विचारत नाही. दर तीन महिन्यांनी तरी डॉक्टरांनी आईंना प्रत्यक्ष पाहिले पाहिजे.

थांबवण्याची वेळ आली की ती शांत काळात आणावी. वर्षश्राद्ध, घरातील लग्न किंवा घर बदलणे अशा दिवसांत नको. 10 वरून 5 मिलिग्रॅम, तेथे काही आठवडे, मग 5 च्या गोळीचा अर्धा भाग, पुन्हा काही आठवडे, असा उतार ठेवावा. शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश घ्यावा लागतो, कारण 5 मिलिग्रॅमचा मेंदूवरील परिणाम 10 च्या निम्म्याहून बराच अधिक असतो. कागदावर मात्रा निम्मी झाली तरी परिणाम निम्मा होत नाही, तो खरा उतरतो अगदी खालच्या मात्रांना. उतार घाईने केला तर दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, चिडचिड, रडू येणे, विचित्र स्वप्ने असे होते. हे आजार परतल्याचे लक्षण नाही. आजार परतला तर तो आठवड्या-महिन्यांत हळूहळू परततो, आणि त्यात चक्कर किंवा विजेचे झटके नसतात. हा फरक ओळखता आला नाही की "गोळी सोडली की मला जमतच नाही" असा समज होऊन माणूस आयुष्यभर गोळी घेत राहतो. त्रास झाला तर आधीच्या मात्रेवर परत जावे, स्थिरावावे आणि मग आणखी लहान पायऱ्यांनी उतरावे.

या आठवड्यात तुम्ही करावयाची कामे अशी: पट्ट्यांच्या मागची नावे वाचून औषधांचा कागद तयार करा, सोडियम आणि ईसीजी करून घ्या, दुकानातून येणारी वेदनाशामक गोळी बंद करा, आणि तो कागद घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. मी आईंना तपासलेले नाही, त्यामुळे रक्तदाबाची गोळी, ॲसिडिटीची कॅप्सूल किंवा क्लोनाझेपाम यांतील कोणताही बदल त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. भेटीच्या वेळी आईंनाही डॉक्टरांशी पाच मिनिटे एकटीने बोलू द्या, कारण मुलासमोर न बोलता येण्याजोगे काही त्यांच्या मनात असू शकते.